फौजदाराचा खोकला

मी फौजदार बोलतोय. दचकू नका, कुणाच्या घराची झडती घ्यायला आलेलो नाही. चार पायांचा, एका कानानं मोडका, अंथुर्ण्याच्या शिवारातल्या वस्तीवरचा मी एक गावठी कुत्रा. अंगानं तांबडा, शेपटीच्या टोकाला पांढरा गोंडा. लोक मला तापट म्हणतात. मी स्वतःला कर्तव्यदक्ष म्हणतो.

माझा जन्म उसाच्या फडाच्या कडेला, तोडणी कामगारांच्या पाल्याच्या कोपीमागं, म्हणजे झोपडीमागं झाला. टोळी दुसऱ्या गावाला हलली आणि मी मागं राहिलो. आबाजींनी मला टोपलीत घालून घरी आणलं. डोळे धड उघडले नव्हते तरी मी टोपलीतून त्यांच्याच बोटावर गुरगुरलो. "आयला, ह्यो तर फौजदार हाय!" ते म्हणाले, आणि तेच नाव पडलं.

पुढं आबाजी गेले. घरात उरल्या त्यांच्या पत्नी ताईबाई आणि मी. त्यांचा मुलगा सुयश बारामतीत कंपनीत नोकरीला. तो आणि त्याची बायको मोनाली तिथं फ्लॅटमध्ये राहतात. सुयश पोरगा गुणाचा, पण दर खेपेला त्याचं एकच पालुपद. "आई, चल बारामतीला. एवढ्या रानात एकटी कशी राहतीस?" ताईबाई माझ्याकडं बोट दाखवायच्या. "एकटी कुठं हाय? फौजदार हाय की." मग तो म्हणायचा, "बरं, हा हाय तवर ऱ्हा."

म्हणजे बघा, ताईबाईंचं त्यांच्या स्वतःच्या घरातलं राहणं माझ्या गळ्यावर अवलंबून होतं. मीही ही जबाबदारी फार मनावर घेतली. दूधवाला, मीटरवाला, वाट चुकलेली शेळी, मी कुणालाच सोडलं नाही. एकदा तर घोंघावणाऱ्या भुंग्यावर सकाळभर भुंकलो. शेवटी ताईबाईंनी माझ्या दिशेनं चप्पल भिरकावली.

एका साली दसऱ्याला वस्तीवरच्या सगळ्यांनी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं ठरवलं. एरवी कुणीतरी मागं राहायचं, मला भाकरी घालायचं. ह्या वेळी शेजारचे रामभाऊसुद्धा निघाले. रामभाऊ म्हणजे आबाजींचे चुलतभाऊ, बैलांचे जाणकार. त्यांच्या गोठ्याची राखणही मीच करतो, पण पगार ताईबाईंकडून घेतो. आता फौजदाराला कुठं ठेवायचं? सुयशनं बारामतीत एक जागा शोधली. लोक गावाला जाताना आपली कुत्री तिथं ठेवून जातात. मोनाली म्हणाली, "कुत्र्यांचं हॉटेलच आहे ते."

तिथल्या माणसानं सुयशला विचारलं, "लसी झाल्यात का सगळ्या?"

"झाल्यात की. ग्रामपंचायतीच्या शिबिरात टोचून घेतलंय."

सुयश खोटं बोलला नाही. मला टोचलं होतं, पण ते रेबीजचं, पिसाळू नये म्हणून. आमच्याकडं एकदा सुई टोचली की जगातल्या सगळ्या रोगांचा बंदोबस्त झाला, असंच सगळे धरून चालतात.

जागा स्वच्छ होती, माणसं मायाळू होती, पण सणामुळं गर्दी फार. माझ्या शेजारच्या पिंजऱ्यात एक लांब केसांचा, परदेशी घराण्यातला कुत्रा होता. तो सारखा घसा साफ करी. मला वाटलं, आता भाषण करणार. संध्याकाळी अंगणात सोडलं की आम्ही एकाच भांड्यात पाणी प्यायचो आणि रीतीप्रमाणं एकमेकांची नाकं हुंगायचो. खोकला असाच येतो, हे मला तेव्हा कुठं ठाऊक?

घरी परतल्यावर काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी दूधवाला आला. मी पाय रोवले, छाती फुगवली, तोंड उघडलं आणि भुंकण्याऐवजी जुन्या मोटारीच्या भोंग्यासारखा आवाज निघाला. कोरडा, खरबरीत खोकला. एकामागून एक ठसके लागले, शेवटी ओकारी आल्यासारखं झालं आणि तोंडातून पांढरा फेस पडला. दूधवाला हसला. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

"अगं बया! घशात हाडूक अडकलं ह्याच्या," ताईबाई म्हणाल्या.

रामभाऊ आले. आदल्या दिवशी त्यांनीच उजनी धरणातली चिलापी मासळी आणली होती आणि तिची डोकी मला घातली होती. "हाडूक न्हाय वैनी, काटा हाय. कोरड्या भाकरीचा गोळा चारा, जाईल खाली."

हा उपचार मला मनापासून आवडला. मी गोळे खात गेलो, खोकला मात्र होता तिथंच. पट्ट्याला ओढ बसली की जास्तच यायचा, पाहुणा बघून आनंद झाला तरी यायचा. भूक चांगली होती, शेपटी हलत होती. काटा अडकलेला कुत्रा असे गोळे खाईल का? पण हे कुणाच्या ध्यानात येईना, आणि मला बोलता येईना.

मग रामभाऊंनी गोठ्यातून बांबूचं नळकांडं आणलं. बैलाचं पोट फुगलं की ते त्याची मान वर धरून नळकांड्यानं तेल पाजतात. भावकीतली कितीतरी जनावरं त्यांनी उठवली होती, म्हणून सगळ्यांचा त्यांच्या हातावर विश्वास. त्यांनी माझा जबडा धरला, मान आभाळाकडं केली आणि करडईचं तेल ओतलं. नेमका त्याच क्षणी मला ठसका आला. तेल पोटात जायचं ते छातीत गेलं. मी तडफडलो, जीव घाबरा झाला. रामभाऊ पाठ चोळत म्हणाले, "झालं, झालं. आता काटा सुटंल."

त्यानंतर मात्र माझं सगळंच सुटलं. अंग तापलं. भाकरीकडं बघवेना. श्वास भात्यासारखा चालायला लागला आणि कोरडा होता तो खोकला ओला, घुरघुरता झाला. मी ओसरीच्या कोपऱ्यात पडून राहिलो.

आणि नेमका सुयश आला. गाडीतून उतरला, अंगण ओलांडलं, ओसरीवर चढला, तरी मी हूं की चूं केलं नाही. त्यानं मला बघितलं, मग आईला बघितलं.

"आई, आता सामान बांध. ह्याच्यात काय राहिलं न्हाय. उद्या कुणी घरात शिरलं तर तुला कळायचं बी न्हाय."

"आदी ह्याला डॉक्टरला दाखीव. माझं मागनं बघू," ताईबाई म्हणाल्या.

ताईबाई गाडीत पुढं बसल्या, रामभाऊ मागं बसले आणि मला मांडीवर घेतलं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव पूर्वी. वयानं तरुण, हात मात्र शांत. त्यांनी ताप बघितला, हिरड्यांचा रंग बघितला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. गळ्याची श्वासनळी दोन बोटांनी हलकेच दाबली, तशी मला उबळ आली. "हृदय ठीक आहे," त्या म्हणाल्या. "वयस्कर कुत्र्यांना हृदयामुळंही खोकला येतो, कधी जंतांमुळं, कधी धुरानं, धुळीनं. म्हणून आधी ते बघितलं. हा मध्यंतरी दुसऱ्या कुत्र्यांत राहिला होता का?"

सुयशनं बारामतीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "तिथं लागण झाली. हा खोकला हवेतून, भांड्यांतून पसरतो. ऐकणाऱ्याला वाटतं घशात काहीतरी अडकलंय. पण नुसता तोच असता तर बहुतेक दोन-तीन आठवड्यांत उतरला असता. छाती एवढी कशी भरली? काही पाजलं होतं का ह्याला?"

ताईबाई भिंतीकडं बघायला लागल्या. दिराची अब्रू त्यांना राखायची होती.

रामभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. "मी पाजलं, बाई. करडईचं तेल. बैलाला पाजतो तसं, नळकांड्यानं."

त्या माणसाच्या शब्दाखातर पंचक्रोशीतली जनावरं उभी राहतात, आणि तो एका गावठी कुत्र्यासाठी लेकीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंपुढं मान खाली घालून उभा होता. छातीत तेल भरलं असतानाही माझी शेपटी त्यांच्यासाठी हलली, हे मी अभिमानानं सांगतो.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "बरं झालं काका, सांगितलंत. आता मला उपचार नीट ठरवता येतील. खोकणाऱ्या प्राण्याला जबरदस्तीनं काही पाजायचं नाही. बैलालासुद्धा मान उंच करून पाजणं धोक्याचं असतं." छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना डाग होते. सुई दिली, औषधं दिली. माणसाच्या खोकल्याचं औषध मनानं द्यायचं नाही, असं बजावलं. गळ्यातला पट्टा काढून छातीभोवती बसणारा पट्टा घालायला सांगितला. दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवा, भांडी वेगळी ठेवा, वाफ द्या, आणि धूर अजिबात नको.

"वाचंल का?" ताईबाईंनी विचारलं.

"आज सांगता येत नाही, आजी. तुमच्या हातात बरंच आहे." मग डॉक्टरांनी तळहात ओंजळीसारखा खोलगट करून माझ्या बरगड्यांवर हलके थापटून दाखवलं. "असं केलं की आतला चिकटा सुटतो."

सुयश आम्हाला वस्तीवर सोडून जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. तवर सामान बांधून ठेव."

ताईबाईंनी सामानाला हात लावला नाही. त्यांनी मला हात लावला. न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याच्या बादल्या मांडायच्या, मला घेऊन त्या वाफेत स्वतःही घामाघूम होत बसायच्या आणि मग थापटायच्या. आयुष्यभर भाकरी थापलेला हात तो. ताल कधी चुकला नाही, जोर कधी जास्त झाला नाही. पाणी तापवायची चूल त्यांनी उचलून घरामागं वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेली. मला पाणी घालताना त्या हळू आवाजात बुद्धवंदना म्हणायच्या. मला त्यातलं सगळं कळत नव्हतं, पण ऐकता ऐकता माझा श्वास सावकाश व्हायचा.

तेवढ्यात नवं संकट उभं राहिलं. कारखाना सुरू झाला होता आणि रामभाऊंचा ऊस तुटून गेला होता. रानभर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला पडलेला. आमच्याकडं ते पेटवून देतात, एका काडीत रान मोकळं. त्यांचं रान आमच्या अंगणाला लागूनच, धूर सरळ माझ्या कोपऱ्यात आला असता. ताईबाई सांगायला निघाल्या, तर रामभाऊ बांधावर ट्रॅक्टरवाल्याशी बोलत उभे. पाचट न पेटवता त्याची बारीक कुट्टी करून त्यांनी सरीत पसरायला घेतलं होतं.

विडी ओढत रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारलं, "काय रामभाऊ, कुत्र्यापायी पाचट ठेवलं व्हय?"

"व्हय. तुज्यापायी बी ठेवलं असतं, पर तू आदी ती इडी इझव," रामभाऊ म्हणाले.

हळूहळू ताप उतरला. मी पहिल्यांदा दूधभाकरी चाटली तेव्हा ताईबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्याच पदरानं नंतर माझं तोंड पुसलं.

रविवार आला. सुयशच्या गाडीचा आवाज मी लांबूनच ओळखला. मनाशी ठरवलं, आज असं भुंकायचं की इंदापूरपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. आज मी भुंकलो तर ताईबाई घरात राहतील. मी उठून उभा राहिलो, सगळा जीव एकवटला, तोंड उघडलं.

खोकला आला.

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. सुयश म्हणाला, "बघ आई, अजून खोकतोय. ह्यो काय राखण करणार? चल, ऊठ."

ताईबाई माझ्या शेजारी बसल्या. बरगड्यांवर थापटायला लागल्या. बोलताना त्यांचा आवाज चढला नाही.

"सुयश, ह्यो हाय तवर ऱ्हा, असं तू म्हणायचास. तुला बरं वाटावं म्हणून मी ह्याच्याकडं बोट दावायचे. मी हितं ऱ्हाते ते माझं घर हाय म्हणून. तुज्या बापानं आन् मी बांधलंय ते. आन् ह्यो खोकतोय म्हणून निकामी झाला व्हय रं? उद्या मी खोकाय लागले, मग मला कुठं नेऊन ठेवशील?"

सुयश चप्पल काढून खाली बसला आणि म्हणाला, "आई, कसं थापटायचं ते दाखव मला."

ताईबाईंनी त्याचा तळहात खोलगट करून माझ्या बरगडीवर ठेवला. पहिले दोन-तीन हात त्यानं फार जोरात मारले. मी सोसले.

आता मी बरा आहे. आवाज थोडा घोगरा झालाय, पण त्यानं दरारा वाढला असं माझं मत आहे. खोकल्याच्या लसीसकट माझ्या सगळ्या लसी सुयश स्वतः बारामतीला नेऊन देतो, आणि कुठं गर्दीत ठेवायचं असेल तर बरंच आधी डॉक्टरांना विचारतो. रामभाऊंनी पाचट पेटवणं सोडलं ते कायमचं. वाचकहो, तुमच्या दारातलं कुत्रं खोकलं तर त्याच्या नरड्यात हात घालू नका, नळकांडं आणू नका. ते जेवतंय का, त्याला ताप आहे का, श्वास कसा चाललाय, ते बघा आणि डॉक्टरांकडं न्या. आम्हाला सांगता येत नाही, एवढंच आमचं दुखणं.

एक गोष्ट सांगून तुमचा निरोप घेतो. परवाच्या थंडीत ताईबाईंना खोकला झाला. फोनवर सुयशला तो ऐकू गेला आणि दुपारच्या आत गाडी दारात उभी राहिली. सुयशच्या हातात मोठी बॅग. मी मोडक्या आवाजात भुंकत उंबऱ्यात आडवा झालो. तो मला ओलांडून आत गेला आणि पहिला प्रश्न विचारला, "आई, कुणी काय पाजलं तर न्हाय ना?"

"मी न्हाय रं बाबा!" रामभाऊ गोठ्यातून ओरडले.

ताईबाई हसल्या, हसता हसता खोकल्या. सुयशनं बॅग उघडली. ती रिकामी असणार, आईचं सामान भरायला आणलेली, असं मला वाटलं होतं. आत त्याचेच कपडे होते. ते त्यानं एकेक करून खुंटीला अडकवले आणि तळहात खोलगट करत आईच्या पाठीशी जाऊन बसला.