खरवडलेल्या पायाचा बगळा

मित्रांनो, मी पोस्टाचं एक जुनं तिकीट आहे. माझी गोष्ट ऐकून तुम्ही मला शाबासकी द्याल, अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. आजवर मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, कारण सांगायला तोंडच नव्हतं. पण किती दिवस गिळून बसणार?

दिसायला मी हिरवा आहे. पाण्यात उभा असलेला एक बगळा माझ्यावर छापलेला आहे. आज त्याला एकच पाय दिसतो. जन्मलो तेव्हा चांगले दोन होते.

एका मोठ्या कागदावर आम्ही शंभर भावंडं एकदम छापली गेलो. यंत्राने आमच्या चारी बाजूंना बारीक भोकं पाडली, पाठीला डिंक लावला, झालं. त्याच दिवशी छापखान्यात एक घोळ झाला. कुठूनसा कापसाचा एवढासा तंतू यंत्रात अडकला आणि काही मोजक्या तिकिटांवर बगळ्याचा एक पाय छापलाच गेला नाही. कामगारांच्या लक्षात येईपर्यंत ती तिकिटं पोस्टात पोचलीसुद्धा. तिकिटं जमवणाऱ्यांचा न्याय उफराटा असतो बरं का. जे चुकलेलं ते अनमोल, आणि जे धड ते कवडीमोल. एकपायी बगळ्यासाठी लोक जीव टाकू लागले, आणि आमच्यासारखे दोन पायांवर नीट उभे असलेले ढिगाने पडून राहिले.

मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, शपथेवर सांगतो. माझं काम मी चोख केलं. एका बहिणीने भावाला लिहिलेलं पत्र मी सुखरूप पोचवलं. वाटेत पोस्टातल्या घाईच्या माणसाने माझ्या उजव्या कोपऱ्यावर दाणकन शिक्का मारला, तोही मी मानाने मिरवला. पुढे त्या पाकिटाचा कोपरा कापला गेला, मला कोमट पाण्यात भिजवलं, रद्दीवर पालथं घालून वाळवलं आणि दोनशे तिकिटांच्या पुडक्यात कोंबलं. ते पुडकं भिंगकाकांनी घेतलं. माझ्या आयुष्यातले मान वर करून सांगण्यासारखे दिवस इथेच संपले.

भिंगकाका म्हणजे तिकिटांचा व्यापारी. गळ्यात कायम दोरीला बांधलेलं भिंग, म्हणून हे नाव. गावातल्या तिकीटमंडळाची दर रविवारी सभा भरायची, तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर ते आपलं दुकान मांडायचे. बोलणं कसं लोण्यासारखं! "तुमच्यासाठी म्हणून बाजूला ठेवलंय हो, दुसऱ्या कोणाला दाखवलंसुद्धा नाही." तुमचं चांगलं तिकीट आज घ्यायचे आणि बदल्यात द्यायचं ते पुढच्या रविवारी. तो पुढचा रविवार काही उजाडायचा नाही. फाटलेला कोपरा मागून चिकटवून द्यायचे. कोणी तक्रार केली की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "अरेरे, माझ्या नजरेतून सुटलं की काय?" सगळ्यांना हे ठाऊक होतं. तरी बाहेर पडताना एकमेकांना म्हणायचे, "तसा माणूस चांगला आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ऐकलं तरी आता माझ्या अंगावर काटा येतो.

एके दुपारी त्यांनी दोनशे तिकिटं टेबलावर पसरली आणि एकेक बाजूला सारत माझ्यापाशी थांबले. माझा शिक्का त्यांना हवा तसा, हव्या त्या कोपऱ्यात होता. मला वाटलं, वा, आपली निवड झाली! मूर्ख मी. त्यांनी मला काचेवर ठेवलं, दिवा जवळ ओढला आणि दाढीच्या पात्याच्या टोकाने बगळ्याचा डावा पाय खरवडायला सुरुवात केली. "जरा कळ काढ रे बाबा," असं मलाच समजावत होते. पाऊण तास लागला. मग तिथे बोटाने हलकेच घासून त्यांनी कागद गुळगुळीत केला. भिंगातून पाहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन हसले.

आता मंडळाची एक रीत सांगायला हवी. त्यांची एक वही होती, तिला सगळे फिरती वही म्हणायचे. ती घरोघर जायची. आवडलेलं तिकीट काढून घ्यायचं, त्याच्या जागी आपलं खोचायचं आणि चौकोनात छोटी सही करायची. वही हातात आली की शेवटच्या पानावर लिहायचं, 'सर्व तिकिटे पाहिली, ठीक आहेत,' आणि खाली नाव. त्या फेरीत पहिल्या पानावर घड्याळजींनी आपला खरा एकपायी बगळा ठेवला होता. त्याच्याही उजव्या कोपऱ्यावर माझ्यासारखाच शिक्का होता. शेजारी लिहिलं होतं, 'फक्त पाहण्यासाठी.'

घड्याळजी मंडळातले सर्वांत वयस्कर. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून त्यांची नजर अधू झाली होती. त्यांना वाटलं, आपल्याला आता हा बगळा धड दिसत नाही, तर निदान बाकीच्यांनी घरी निवांत बसून डोळे भरून पाहावा. कुलपात ठेवण्याऐवजी त्यांनी तो असा हातोहात सोडला, कारण मंडळ म्हणजे त्यांना घरच वाटायचं.

घड्याळजींकडून वही पहिली गेली भिंगकाकांकडे. दुसऱ्या दिवशी ती तिथून निघाली तेव्हा पहिल्या पानावर मी बसलो होतो. खरा बगळा कुठे गेला, ते आजतागायत कळलेलं नाही.

वही घेऊन भिंगकाका स्वतः शिवणताईंकडे गेले. ताईंचं शिलाईचं छोटं दुकान होतं. तोंडात टाचण्या धरून त्या कुणाच्यातरी पँटचा काठ दुमडत होत्या. त्यांनी टाचण्या काढल्या, हात पुसले, वही उघडली आणि खणातलं भिंग घ्यायला हात घातला.

भिंगकाका हसून म्हणाले, "म्हणजे काय ताई, माझ्यासमोर तपासणार? एवढासुद्धा विश्वास नाही?"

ताई कानकोंड्या झाल्या. "छे छे, तसं कुठे! सवय आपली." त्यांनी खण बंद केला, नुसती तिकिटं मोजली आणि 'पाहिली, ठीक आहेत' असं लिहून सही केली. मी ओरडत होतो, मित्रांनो. पण तिकिटाचं ओरडणं कोण ऐकणार?

संध्याकाळी दुकान बंद करून त्या निवांत वही बघायला बसल्या. पहिलंच पान. माझ्याकडे पाहून "अगं बाई, किती देखणा!" म्हणाल्या. मी लाजेने अर्धा झालो. मग त्यांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सारा जन्म कापडावर गेलेला. कुठे घासलंय, कुठे विरलंय, कुठे रफू केलंय, हे त्या हात लावताच सांगायच्या. मला उजेडासमोर धरल्यावर पायाच्या जागी कागद पातळ दिसला. त्यांनी शेवटचं पान उघडून स्वतःची सही पाहिली.

त्याच वेळी उठून घड्याळजींकडे गेल्या असत्या, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांना वाटलं, आता बोललं तर सगळे विचारणार, सही कोणाची? मीच बदललं म्हणतील. हे मंडळ म्हणजे त्यांचा आठवड्यातला एकुलता एक मोकळा दिवस, तोही जायचा. शिवाय पुढचे सात जण बघतीलच की! त्यांनी तोंडात गुळणी धरली आणि वही पुढे पाठवली.

पुढचे सात जण! चित्रकलेच्या मास्तरांनी तर वही उघडलीसुद्धा नाही. सगळ्यांनी मोजणी केली, 'पाहिली' म्हणून लिहिलं, आणि मी फिरून घड्याळजींच्या घरी पोचलो.

तिथले दिवस आठवले की आजही जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. घड्याळजींनी मला मखमलीवर ठेवलं. रोज सकाळी चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून ते मला डोळ्यांजवळ धरायचे आणि पुटपुटायचे, "आलास ना परत? बरं झालं." दुसऱ्याच्या ताटावर बसून जेवणाऱ्यासारखी माझी गत झाली होती. शिवणताई महिन्यातून दोनदा तिथे यायच्या, चहा प्यायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या. कपाटाकडे मात्र चुकूनही पाहायच्या नाहीत. पाहिलं असतं, तर आम्ही दोघंही काळे पडलो असतो.

असे सात महिने गेले. मग घड्याळजी एक दिवस जुना कोट घालून ताईंच्या दुकानात आले. अगदी लहान मुलासारखे खुशीत होते.

"ताई, बाह्या जरा आखूड करा. परवा मोठं प्रदर्शन आहे. माझा अर्ज मंजूर झाला! बाहेरचे परीक्षक येणार आहेत, त्यांच्यासमोर नीटनेटकं उभं राहायला नको?" असं म्हणून त्यांनी खिशातून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. "म्हटलं, प्रवासाला निघण्याआधी तुम्हालाही दाखवून आणावा."

ताई उजवी बाही दुमडून टाचण्या लावत होत्या. त्यांचे हात थांबले. परीक्षकांकडे प्रखर दिवे असतात, भिंगं असतात. नकली तिकीट सापडलं की मांडणाऱ्याचं नाव फलकावर लागतं, हे मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. इतक्या वर्षांचा सरळ माणूस चारचौघांत लबाड ठरणार होता, तोही माझ्यामुळे.

"नेऊ नका," ताई म्हणाल्या.

"काय नेऊ नको?"

"ते तिकीट. ते तुमचं नाही, घड्याळजी. कुणीतरी पाय खरवडलाय त्याचा. वहीतून फिरताना बदललं गेलं."

घड्याळजींना आधी कळलंच नाही. त्यांनी मला उचलून डोळ्यांशी नेलं, खिडकीपाशी नेलं, पुन्हा आणलं. मग हळूच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. 'आत्ताच दिसलं' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं.

"वही माझ्याकडे आली, त्याच संध्याकाळी."

"म्हणजे सात महिने," घड्याळजी म्हणाले. "सात महिने माझ्या घरी येऊन चहा पीत होतात." त्यांनी मला खिशात टाकलं आणि बाहीला टाचण्या तशाच असताना ते दुकानाबाहेर पडले.

रविवारच्या सभेत शिवणताई उभ्या राहिल्या. त्यांनी काही लपवलं नाही. वही कोणाकडून आली, भिंग परत खणात का ठेवलं, संध्याकाळी काय दिसलं आणि नंतर गप्प का बसल्या, सगळं सांगितलं.

भिंगकाका शांतपणे म्हणाले, "माझं नाव कशाला घेता? मी दिली तेव्हा वही ठीक होती. ठीक आहे म्हणून सही कोणाची आहे?"

"माझी," ताई म्हणाल्या. "न बघता केलेली. ती चूक माझीच."

तेवढ्यात मास्तर खुर्चीतून उठले. "त्याखालची माझी आहे. मी तर वही उघडलीसुद्धा नव्हती." त्यांच्यामागून एकेक करत बाकीचे उठले. सातही जण. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. भिंगकाकांनी "मला नाहक बदनाम करताय" म्हणत टेबल आवरलं. त्यांच्याविरुद्ध पुरावा कोणाकडेच नव्हता. फक्त त्या दिवशी बाहेर पडताना 'तसा माणूस चांगला आहे' असं कोणी म्हटलं नाही. ऐकलं, की आता ते दुसऱ्या गावच्या मंडळात टेबल मांडतात.

सगळे पांगल्यावर घड्याळजी ताईंजवळ आले आणि त्यांनी मला ताईंच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुम्ही ठेवा," ते म्हणाले. "मला दिसत नव्हतं. तुम्हाला दिसलं होतं."

एवढंच बोलून ते गेले. ताई सभागृहात कितीतरी वेळ मूठ मिटून उभ्या होत्या. त्या मुठीत मी होतो, आणि मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो.

प्रदर्शनाची तारीख निघून गेली. सहा-सात आठवड्यांनी दुकानाच्या दारात घड्याळजी उभे. अंगात तोच कोट. "बाह्या राहिल्यात," म्हणाले. ताईंनी घाईघाईने टेप घेतली. दोघांपैकी कोणीही माझं नाव काढलं नाही. काम झाल्यावर ते चहाला थांबले मात्र नाहीत. अजूनही थांबत नाहीत.

मी आता ताईंच्या दुकानात काचेखाली असतो. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'नकली. पाय खरवडलेला. मला दिसला, मी सांगितलं नाही.' कपडे शिवायला येणारे विचारतात, हे काय? प्रत्येक वेळी ताई सगळी हकिगत पहिल्यापासून सांगतात. स्वतःचा भाग गाळत नाहीत. प्रत्येक वेळी मला नव्याने लाज वाटते, आणि बहुधा त्यांनाही.

परवा शेजारची एक मुलगी आपलं पहिलं तिकीट बदलून घ्यायला आली. ताईंनी तिच्यासमोर तिकीट ठेवलं. ती पटकन उचलून पाकिटात घालणार, तेवढ्यात ताईंनी तिच्या हातात भिंग दिलं. "आधी बघ. माझ्यासमोर बघ. मला राग येणार नाही."

मित्रांनो, मला एवढंच मागायचंय. कोणी तुमची वस्तू तुमच्यासमोर उलटसुलट करून पाहिली, तर तोंड फुगवू नका. त्याला सावकाश पाहू द्या. तुम्हीही भीड न धरता पाहा. आणि काही वावगं दिसलं, तर त्याच संध्याकाळी जाऊन सांगा. सात महिन्यांनी सांगितलेलं खरं ऐकून घेतलं जातं, पण चहाला कोणी थांबत नाही.