पेढ्याबरोबर सीडी

"शीला, बटणांची खिडकी करायला शिकवणारे धडे कुठं नसतातच. उगाच डोकं फोडू नको," समर्थ साळसूदपणे म्हणाला. शीलाचं टाळकंच सरकलं. तेच धडे त्याच्या संगणकाच्या पडद्यावर उघडे दिसत होते!

दोघंही अंबरनाथला रंगाच्या एका कारखान्यात कंत्राटी, प्रयोगशाळेत. तपासणीचे आकडे 'आर' नावाच्या संगणकभाषेत घातले की आलेख निघायचा. पण हुकूम टाइप करणं फक्त या दोघांना जमे, त्यातही समर्थचा तोरा मोठा. खात्यांतली माणसं चहा घेऊन त्याच्या टेबलापाशी ताटकळत. साहेबांनी सांगितलं होतं, हुकूम टाइप न करता नुसतं बटण दाबून कुणालाही आलेख काढता येईल अशी खिडकी आरमध्ये जो करेल त्याला दिवाळीत परमनंट करू. जागा एकच. ऑफिसात इंटरनेट होतं ते समर्थच्याच मशीनवर.

शीला हट्टाला पेटली. बदलापूरला घरी जायचं सोडून ती रोज उल्हासनगर कॅम्प चारच्या सायबर कॅफेत बसू लागली. सिंधी मालक हसायचा, "मॅडम, शादी का साइट देख रही हो क्या?" ती परदेशी विद्यापीठांची पानं उतरवून घेई, कुणाकुणाचे प्रश्न, कुणाकुणाची उत्तरं वाचे. कुठली अनोळखी माणसं फुकट शिकवत होती, आणि शेजारच्या टेबलावरचा हा शहाणा दडवून बसला होता! अखेर बटण दाबताच आलेख उमटला. आनंदाआधी तिला समर्थचं पडलेलं तोंड आठवलं, अजून न पाहिलेलं.

साहेबांना दाखवलं असतं तर जागा तिचीच होती. पण खिडकी प्रयोगशाळेतच राहिली असती, चहा घेऊन माणसं समर्थपुढं उभी राहिलीच असती, आणि ते तिला सहन होईना.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, सगळी खाती प्रसादाला जमली. शीलानं प्रत्येक खात्याला पेढ्याबरोबर एकेक सीडी दिली. आत खिडकी, सगळे धडे आणि मराठीत लिहिलेली रीत.

"आता कुणाच्या पाया पडू नका," ती मोठ्यानं म्हणाली. समर्थच्या हातातला पेढा हातातच राहिला.

दसरा सरला आणि मिक्सिंगवरचा बबनसुद्धा आपले आलेख आपणच काढू लागला. समर्थच्या टेबलाकडे कुणी फिरकेना. साहेब भलतेच खूश झाले.

"सगळ्यांनाच येतंय की! मग परमनंट माणूस कशाला?" त्यांनी जागाच रद्द केली.

"बघ, तुझीपण वाट लागली," समर्थ म्हणाला.

"लागली." घरी आईला काय सांगायचं, हे शीलानं अजून ठरवलं नव्हतं. तरी ती हसली. "पण तुझी लागली ना!"