शत्रूच्या गावाला ऐकवलेला सामना

व्हर्न टोलफसन कॅल्डर हायस्कूलच्या बास्केटबॉल सामन्यांचं रेडिओवर वर्णन करायचा, असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. तो कॅल्डरच्या बाजूनं भांडायचा आणि मधूनमधून गुण सांगायचा. कॅल्डरच्या मुली म्हणजे 'आपण', समोरचा संघ म्हणजे 'ते'. आपण ढकललं तर तो खेळातला जोर, त्यांनी ढकललं तर ती गुंडगिरी, आणि पंच तर जन्माचे आंधळे. गावाला हे भलतंच पसंत होतं. शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या बंदिस्त मैदानात, हजर असलेले लोकसुद्धा कानाला ट्रान्झिस्टर लावून बसायचे, कारण समोर दिसणाऱ्या सामन्यापेक्षा व्हर्नच्या सामन्यात कॅल्डर जरा जास्तच चांगलं खेळायचं.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, विभागाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, तो पहाटे रेडिओ स्टेशनवर आला तोच हवेत तरंगत. गाठ सोडा क्रीक ह्या गावाच्या संघाशी होती. सोडा क्रीकनं लागोपाठ तीन वर्षं कॅल्डरला ह्याच सामन्यात घरी बसवलं होतं, आणि जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. डुकरांचे भाव उतरले होते, तरी व्हर्ननं ते असे वाचले की ऐकणाऱ्याला चढल्यासारखेच वाटावेत. वाढदिवस, हरवलेला कुत्रा, निधनवार्ता, सगळं एकाच उत्साही सुरात. निधनवार्तांना तरी जरा आवर घाल, असं यंत्रांपाशी बसणाऱ्या डोनानं काचेआडून खुणेनं सांगितलं.

सकाळी बर्फ सुरू झालं आणि पाहता पाहता त्याचं वादळ झालं. सोडा क्रीकचे कोच धोरणी, त्यांनी मुलींना बसमध्ये घालून भल्या सकाळीच कॅल्डरला आणून सोडलं होतं. बस पोचली आणि मागे हमरस्ता बंद झाला. पंच आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते. दोन्ही संघ आहेत, पंच आहेत, मग खेळा, असं राज्याच्या क्रीडा संघटनेनं फोनवर सांगून टाकलं. सोडा क्रीकचे आईबाप, त्यांचा बँड आणि त्यांचा रेडिओवाला गॉर्डी स्वेनसन मात्र बर्फापलीकडे अडकून पडले.

व्हर्नला आनंद झाला. उगाच लपवण्यात अर्थ नाही, चांगला गुदगुल्या झाल्यासारखा आनंद झाला. सोडा क्रीकच्या बाजूनं ओरडायला जिममध्ये एक माणूस नसणार! तो शीळ घालत माइकच्या वायरी गुंडाळत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"टोलफसन? मी गॉर्डी स्वेनसन."

व्हर्ननं रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे एकदा बघून घेतलं. कॅल्डरच्या जिमला बटाट्याच्या तळघराचा वास येतो, असं गॉर्डी एकदा रेडिओवर बोलला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"बोल. तळघरातूनच बोलतोय."

"अजून तेच धरून बसलायस? अरे, वास येत होता म्हणून म्हणालो."

"फोन कशाला केलास?"

"इथून कुणी म्हणजे कुणी येऊ शकत नाही. तुझं प्रसारण टेलिफोनच्या तारेवरून आमच्या स्टेशनला घेऊ दे."

"माझं? तुझ्या गावाला? अरे, पहिल्या पाच मिनिटांत लोक रेडिओ खिडकीबाहेर फेकतील!"

"म्हणून तर स्वतः फोन केला. आज एक दिवस माणसासारखं बोल. पोरींच्या आया इथं रेडिओला कान लावून बसणार आहेत, व्हर्न. त्यांना दुसरं काही दिसणार नाही. तू सांगशील तेच घडलं, असं हे गाव धरून चालणार. उद्याही आणि पोरींना नातवंडं होतील तेव्हाही."

व्हर्नच्या ओठांवर 'नाही' अगदी तयार होतं. पण आया म्हटल्यावर माणसाची पंचाईत होते. "बरं," तो म्हणाला. "तुझ्याकडून त्यांना जे ऐकायला मिळालं असतं, ते माझ्याकडून मिळेल. शब्द देतो."

फोन ठेवल्या ठेवल्या त्याला पश्चात्ताप झाला. तीन वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, नेमक्या त्याच दिवशी त्यानं आपल्या हातानं तोंडाला कुलूप घातलं होतं.

दुपारी तो चर्चच्या तळमजल्यावर गेला. तिथं बायकांनी सोडा क्रीकच्या मुलींना जेवायला बसवलं होतं. खिमा आणि बटाट्याचं गरम हॉटडिश ताटातून संपत नव्हतं, कारण संपायच्या आत कुणीतरी वाढत होतं. त्यांची कप्तान ब्रिटा क्नुटसन, तांबड्या वेण्यांची, गुडघ्याला पट्टी बांधलेली उंच पोरगी, व्हर्नला बघून उठून उभी राहिली.

"मिस्टर टोलफसन तुम्हीच ना? गेल्या वर्षी सामन्याआधी कोचनी आम्हाला तुमची टेप ऐकवली होती."

"माझी? कशाला?"

"आम्हाला राग यावा म्हणून."

"मग आला का?"

"खूप! त्याच जोरावर तर जिंकलो."

व्हर्नला हसू आवरेना. शेजारच्या मुलीनं लाजून रुमाल तोंडापुढे धरला. "आज तुम्ही आमच्या घरीही ऐकू येणार म्हणे," ब्रिटा म्हणाली. "माझा गुडघा बरा आहे, एवढं सांगाल का? आई उगाच जीव टांगणीला लावून बसते."

संध्याकाळी जिममध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. व्हर्नचं टेबल कोपऱ्यात, पाहुण्यांच्या बाकाला अगदी लागून. हेडफोनमध्ये डोनाचा आवाज यायचा आणि आज तिच्या जोडीला, टेलिफोनच्या तारेवरून, गॉर्डीचाही. व्हर्ननं घसा साफ केला. सोडा क्रीकच्या मुली सुखरूप आहेत, पोटभर जेवल्या आहेत, रात्री आमच्या घरांमध्ये झोपतील, दोघी तर माझ्याच घरी येणार आहेत, आणि मिसेस क्नुटसन, गुडघा बरा आहे, असं सगळं सांगून मग तो सामन्याकडे वळला.

पहिल्याच बास्केटला घोटाळा झाला. "आणि आपल्या मुलींनी खातं उघडलं!"

"कुणाच्या आपल्या?" कानात गॉर्डी.

"कॅल्डरच्या मुलींनी," व्हर्न दात खाऊन म्हणाला.

पुढे पुढे त्यानं युक्ती काढली. आपण नाही आणि ते नाही, सरळ मुलींची नावं घ्यायची. कॅल्डरच्या जोलीननं चेंडू पळवला, ब्रिटानं परत घेतला. नावं घ्यायची म्हणजे प्रत्येकीकडे बघावं लागतं, आणि इतकी वर्षं समोरच्या संघाकडे त्यानं नीट कधी बघितलंच नव्हतं. ब्रिटा सुरेख खेळत होती. हे त्याला आवडलं नाही, पण दिसत होतं त्याला तो काय करणार! कॅल्डरच्या मुलीनं ब्रिटाला कोपर मारलं तेव्हा तर तो "हा मात्र स्पष्ट फाउल" असं बोलून बसला, आणि मागच्या दोन रांगांमधल्या लोकांनी कानाला लावलेले ट्रान्झिस्टर काढून बिघडलेत की काय म्हणून हलवून पाहिले.

मध्यंतरात तो बाहेरच्या बंदिस्त व्हरांड्यात गेला. तिथं त्याची बायको टेबल मांडून सफरचंदाचा गोड ॲपल पाय विकत होती. आर्डिसनं ॲपल पायचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला आणि त्याच्या कपाळाला हात लावला.

"ताप तर नाही."

"आर्डिस, थट्टा नको."

"थट्टा कुठली? आत्ता रेडिओवर पंचांची बाजू घेणारा माणूस कोण होता? मला वाटलं, तुला पळवून नेऊन दुसराच कुणी बसवलाय."

तिथेच धान्याच्या कोठाराचा मालक लायल उभा होता. व्हर्नच्या प्रसारणाला सगळ्यात मोठी जाहिरात त्याची. "मी कॅल्डरच्या रेडिओला जाहिरात देतो, लेका," तो कॉफी ढवळत म्हणाला. "चुकून सोडा क्रीकच्या रेडिओला तर नाही ना पाठवली?"

"आज पाठवलीसच. तिथंही तुझंच धान्य ऐकू जातंय. फुकटात!"

लायल विचारात पडला. मग ॲपल पायचा एक तुकडा घेऊन आत गेला.

उत्तरार्धात सोडा क्रीक पुढे, कॅल्डर मागे, मग उलट, मग पुन्हा उलट. शेवटचं मिनिट आलं तेव्हा सोडा क्रीक एका गुणानं पुढे होतं आणि चेंडू ब्रिटाच्या हातात होता. काही सेकंद चेंडू राखला की संपलं. कॅल्डरच्या दोघी धावत ब्रिटाच्या अंगावर गेल्या आणि तिला मैदानाच्या कडेशी कोंडलं. सगळी जिम उभी राहून किंचाळत होती. ब्रिटानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, चेंडू पोटाशी धरला आणि पंचांकडे वळून हातांची खूण केली. टाइम-आउट, म्हणजे खेळ घटकाभर थांबवा.

सोडा क्रीकच्या वाट्याचा एकही टाइम-आउट उरला नव्हता. उरला नसताना मागितला तर त्याची शिक्षा म्हणजे समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता बास्केटमध्ये टाकायचे एकेका गुणाचे चेंडू, आणि वर खेळायला चेंडूही त्यांचाच. तिचे कोच बाकासमोर दोन्ही हात हलवत 'नाही, नाही' करत होते. पंचांची शिट्टी वाजली आणि कॅल्डरच्या लोकांनी जिम डोक्यावर घेतली. लायलनं मागून व्हर्नच्या पाठीत गुद्दा घातला. "सांग ना! पोरीनं हातातला सामना घालवला, सांग!"

वाक्य आयतं जिभेवर होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी व्हर्ननं ते चवीचवीनं, दोनदा म्हटलं असतं. पण तिकडे कुणी काही पाहिलेलं नव्हतं. तो म्हणेल ते त्या गावात पक्कं होणार होतं आणि ह्या पोरीला आयुष्यभर चिकटणार होतं. कॅल्डरमध्ये वॉल्ट ब्रेकी नावाचे एक आजोबा होते. शाळेत असताना चुकलेल्या एका फ्री थ्रोवरून त्यांना अजून कॅफेत टोमणा ऐकावा लागायचा. व्हर्नला ब्रिटाचा चेहरा समोर दिसत होता. आपण काय केलं हे तिला आत्ताच कळलं होतं.

"ब्रिटा क्नुटसननं टाइम-आउट मागितला आहे," तो म्हणाला. "सोडा क्रीककडे टाइम-आउट नाही. कॅल्डरला दोन फ्री थ्रो."

मग त्यानं माइक तोंडाजवळ ओढला.

"सोडा क्रीक, मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. तुमची ब्रिटा पहिल्या शिट्टीपासून एकदाही बाकावर बसलेली नाही. आत्ता आमच्या दोघी तिच्या अंगावर होत्या आणि पायाशी मैदानाची रेघ होती. चेंडू सुटला असता तर गेलाच होता. तिनं सोडला नाही. तुमचे कोच 'नाही' म्हणून ओरडत होते, पण मी त्यांच्या शेजारी बसलोय आणि मलासुद्धा त्यांचा शब्द ऐकू आला नाही. कारण इथं अख्खं कॅल्डर बोंबलतंय आणि तुमच्या बाजूनं बोलायला एक माणूस नाही. चूक झाली, ती झाली. पण तुम्ही इथवर पुढे होतात ते हिच्यामुळे. आज ह्या मैदानावर हिच्याइतकं चांगलं कुणी खेळलेलं नाही, आणि हे मी म्हणतोय, व्हर्न टोलफसन. माझी टेप काढून ठेवा हवी तर."

जोलीननं दोन्ही फ्री थ्रो घातले. कॅल्डरनं उरलेले सेकंद चेंडू राखला आणि भोंगा वाजला. लोक मैदानात उतरले, टोप्या उडाल्या, आर्डिस ॲपल पाय कापायची सुरी हातात घेऊनच नाचत आत आली. व्हर्नचे डोळे भरून आले. "कॅल्डर जिंकलं," तो म्हणाला, आणि मग राहवेना म्हणून, "सोडा क्रीक, माफ करा, पण मला फार, फार आनंद झालाय."

"व्हर्न," गॉर्डीचा आवाज आला. "ब्रिटाला बोलाव आणि हेडफोन दे तिला."

"ती रडतेय, गॉर्डी. आत्ता मुलाखत नको."

"मुलाखत कोण घेतंय? फक्त हेडफोन दे. लवकर."

व्हर्न तिला हाताला धरून टेबलापाशी घेऊन आला. ती हुंदके देत होती. "मी काय सांगू त्यांना?" तिनं विचारलं. "मिस्टर टोलफसन, मी घरी काय तोंड दाखवू?"

"काही सांगायचं नाही. नुसतं ऐक, म्हणतोय तो."

तिनं हेडफोन कानाला लावला. थोडा वेळ तिला काही कळेना. तिनं कानावरचा हेडफोन हातानं घट्ट दाबला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हॉर्न वाजतायत," ती म्हणाली. "खूप हॉर्न. अहो, सगळं गाव गाड्यांमध्ये बसून हॉर्न वाजवतंय! गॉर्डी म्हणतायत, फोन खिडकीबाहेर धरलाय." मग ती मध्येच थांबली आणि रडता रडता खळखळून हसली. "तो मोठा भोंगा आगीच्या बंबाचा आहे. बंबाची किल्ली बाबांकडे असते. ते बाबा आहेत!"

व्हर्ननं हेडफोनची एक बाजू तिच्या कानाशी राहू दिली आणि दुसरी ओढून माइकपाशी धरली. जिममधल्या सगळ्या ट्रान्झिस्टरांतून सोडा क्रीकचे हॉर्न वाजू लागले. नाचणारे लोक एकेक करून थबकले आणि कोपऱ्याकडे बघू लागले.

"हे सोडा क्रीक आहे," व्हर्न म्हणाला. "ब्रिटासाठी."

पुढची जाहिरात लायलची होती, पण ती लाव म्हणून त्यानं डोनाला सांगितलं नाही, आणि लायलनंही ती मागितली नाही.