बंकटच्या साइटवरचे दात

माणसाने रागात शपथ घेऊ नये, आणि घेतलीच तर बाजाराची तरी घेऊ नये. चौसाळ्याच्या बंकटने नेमकी तीच घेतली. शेळ्यांचा दलाल आदिनाथ बाजारातल्या चहाच्या गाड्यावर चार माणसांत म्हणाला, "मी मधी नसलो ना बंकट, तर तुझी शेळी गोठ्याच्या भायेर निघायची न्हाई बे." झालं! बंकट कप आपटून उठला. "सोताची वेबसाइट काढतो. तिच्यावर पहिला बोकड इकल्याबिगर ह्या बाजारात पाय ठेवला, तर नावाचा बंकट न्हाई!"

साइट बनवून देणारी पोरं बीडमध्ये पैशाला पासरी आहेत. पण असं पोर धरलं तर तेही मधला माणूसच झालं, आणि राग तर मधल्या माणसावरच. म्हणून बंकट मोबाइल घेऊन गोठ्यातल्या बाजेवर एकटाच बसला. फुकटातले तयार नमुने त्याने चाळले. एकात हॉटेल होतं, एकात मंगल कार्यालय. एकात मात्र पांढऱ्याशुभ्र दातांचे मोठाले फोटो होते आणि बंकटचा जीव तिथेच अडकला. शेळीच्या व्यवहारात आधी दात बघतात. दातांवरून वय, वयावरून भाव. अंग काय, पेंड चारली की कुणाचंही भरतं. त्याने तोच नमुना उचलला, एकेका जनावराचा जबडा फाकवून फोटो काढले आणि त्या दातांच्या जागी डकवले. वर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं, ते नक्षी समजून तसंच ठेवलं.

"आवं, शेळ्या कुठायत?" बायको मनकर्णाने मोबाइलात डोकावून विचारलं.

"ह्या काय! दात दिसंनात का?"

"दात दिसत्यात. शेळी दिसंना."

"घेणाऱ्याला कळतं," बंकट म्हणाला. असल्या अर्धवट शहाण्याला समजावण्यात राम नाही, हे मनकर्णा लग्नाच्या वर्षीच शिकली होती.

पहिला फोन गेवराईहून आला. "डॉक्टर हायत का? वडलांची दाढ लई ठणकतीय. तुमच्या पेशंटचे फोटो बघितले. सगळ्यांचेच वरचे दात गेलेत की! कवळी बसवता का?"

नमुना दाताच्या दवाखान्याचा होता. बंकटला ते तेव्हा कळलं. शेळीला वरचे पुढचे दात नसतातच, हे तो तळमळीने सांगत राहिला आणि पलीकडच्याने घाबरून फोन ठेवला. मग रोजच असे फोन येऊ लागले. बंकट डागडुजीला बसला. इंग्रजी पुसायला गेला तर नंबर पुसला गेला. नंबर आणला तर फोटो उलटे झाले. बोकड जागचा हलेना.

त्यात बाजाराचा दिवस आला की जीव नुसता कासावीस. सवयीने तो सकाळीच दाढी करून धुतलेलं धोतर नेसायचा आणि रस्त्यावरून शेळ्यांनी भरलेले टेम्पो जाताना बघत उंबऱ्यात बसायचा. बाजाराशिवाय त्याला करमत नव्हतं, पण शपथ मोडली तर तोंड कुठे लपवायचं?

अशाच एका बाजाराच्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. आदिनाथ.

"काळा बोकड पायजे," तो म्हणाला.

"साइटवर बघ."

"बघितला. दोनदाती हाय, डावा दात जरा तिरका. तोच पायजे."

जगात एकाच माणसाला बंकटची साइट वाचता आली होती, आणि तो हा निघावा! पण ताठा सोडायचा नव्हता. "मग साइटवरच ऑर्डर टाक."

बोकड शेजारीच बांधलेला होता. तरी आदिनाथने निमूट मोबाइल काढला. त्याच्या फोनला रेंज मिळेना म्हणून बिचारा कडब्याच्या गंजीवर चढला. वरून ओरडला, "बंकट, कोणता दात दुखतोय इचारतंय! भरल्याबिगर फुडं जाईना!"

"तिरका म्हनून लिही!"

बंकटच्या खिशात मोबाइल वाजला. ऑर्डर आली होती, शपथ सुटली होती.

"कावून एवढी खटपट केलीस बे?"

आदिनाथ अंगावरचा कडबा झटकत खाली उतरला. "बाजारात भांडायला माणूस न्हाई. चहा गोड लागंना गड्या."

बंकट उगाच खाकरला. आदिनाथने साइटवर लिहिलेल्या भावाचे पैसे सरळ पुढे केले आणि बंकटचा चेहराच पडला. घासाघीस न करता बोकड विकायचा? त्यापेक्षा फुकट दिलेला बरा. त्याने खांद्यावरचा रुमाल ओढला, आपल्या हातावर टाकला. "असं न्हाई. आन हात."

रुमालाखाली बोटांना बोटं लागली. बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडाने चकार शब्द काढायचा नाही, ही बाजाराची रीत. आदिनाथने दाबलं, बंकटने मान हलवली, बंकटने दाबलं, आदिनाथने डोळे वटारले. अखेर दोघांच्या माना एकदमच डोलल्या. साइटवरच्यापेक्षा कमीच भाव ठरला होता आणि बंकट खुशीत होता. पण रुमाल तसाच राहिला.

मनकर्णा चहाचे कप घेऊन कधीची उभी होती. "भाव झाला न्हवं? मग हात सोडा की आता. चहा निवायलाय."