चहा कुठल्या जिन्यानं आला

आमची साइट, म्हणजे घराची जागा, चाळीस बाय साठ फूट. बेंगळुरात यशवंतपूरला, स्टेशनापासून चालत दहा मिनिटं. तिथलं जुनं घर पाडलं तेव्हा माझी बायको सकवारबाई हिला जाऊन चौदा महिने झाले होते. मी बत्तीस वर्षं कारखान्यात टर्नर होतो. मापाचं काम मला कळतं. बोलायचं काम ती बघायची.

दुपारी ती दारात बसून भाजी निवडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायची. ती गेल्यावर लोक थांबेनात. त्यांचं काही चुकलं नाही. मला थांबवता येत नव्हतं.

मुलगा देवव्रत म्हणाला, "अण्णा, तीन मजल्यांत सहा घरं नीट बसली तर बांधू. नाहीतर साइट विकून मारतहळ्ळीकडे मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेऊ."

ते कॉम्प्लेक्स मी एकटा जाऊन बघून आलो. लांब बोळ, दोन्हीकडे बंद दारं, दोन टोकांना दोन जिने. अर्धा तास उभा राहिलो. एक माणूस दिसला, तो बल्ब बदलायला आलेला. इथं आलो तर आपण बोलणंच विसरू, असं वाटलं आणि घाबरून पहिली बस धरली.

पण घरं नीट बसत नव्हती. अडलं होतं ते जिन्यापाशी. सकवारबाईचा भाऊ व्यंकोजी नकाशा काढून घेऊन आला होता. पुढे मालकाचा जिना, मागे भाडेकरूंचा, मधे बोळ.

"व्यंकोजी, एक जिना पुरे की," मी म्हणालो.

"दाजी, भाडेकरू तुमच्या दारावरून ये-जा करणार? मालकाचा जिना वेगळाच पाहिजे. सगळं बेंगळूर असंच बांधतं."

"जागा किती जाते बघ."

"इज्जत टेपनं मोजत नाहीत, दाजी."

सकवारबाई असती तर भावाला एका वाक्यात गप्प केलं असतं.

रविवारी सकाळी गुंडो मेस्त्री चुन्याचं घमेलं घेऊन आला. चुन्यानं रेषा आखायच्या आणि सोमवारी पाया खणायचा, असं ठरलं होतं.

"सांगा राव, कुठला नकाशा? एका जिन्याचा की दोन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "आधी व्यंकोजीचा आख. आपण त्यात राहून बघू."

"राहून?" देवव्रत म्हणाला. "अण्णा, भिंती कुठं आहेत?"

"चादरी आण भाड्याच्या घरातल्या."

गुंडोनं एका मजल्याच्या रेषा मारल्या. त्यावर बांबू रोवले, दोऱ्या बांधल्या, चादरी लावल्या. चादरी संपल्यावर सकवारबाईची दोन लुगडी लावली. समोरच्या रत्नाबाई फाटकापाशी येऊन विचारू लागल्या, कुणाचं लग्न आहे म्हणून. त्यांनाही आत घेतलं. नियम एकच. दारातूनच जायचं, चादर उचलायची नाही.

सून हर्षिता स्टोव्ह घेऊन मधल्या स्वयंपाकघरात शिरली. व्यंकोजी पुढे, मालकाच्या जिन्याच्या जागी खुर्ची टाकून बसला. त्याच्याशेजारी मी. बाकीचे सगळे भाडेकरू, म्हणून मागच्या बाजूला.

थोड्या वेळानं मागून हसण्याचे आवाज यायला लागले. रत्नाबाई कसलीशी गोष्ट सांगत होत्या. गुंडो मोठ्यानं हसत होता. आम्हा दोघांसमोर मात्र पांढरी चादर. त्या कॉम्प्लेक्समधल्या बोळात वाटलं होतं तसंच मला वाटायला लागलं, आणि हे तर माझ्याच साइटवर.

व्यंकोजी ओरडला, "हर्षिता, चहा कुठाय?"

"मागच्या जिन्यानं गेला, मामा!"

"मग पुढं आण की!"

"संपला! बोळाला येईपर्यंत सगळ्यांनी कप उचलले. आणि मी आता बाहेर येते. इथं वारा नाही, दोन्हीकडे बोळ नाहीतर जिना. इडलीसारखी वाफेवर शिजले मी."

पदरानं तोंड पुसत ती बाहेर आली. खरंच लाल झाली होती.

"चादरीत उकडणारच," व्यंकोजी म्हणाला.

"सरी, ठीक आहे. मग तुम्ही जा आत," हर्षिता म्हणाली. "दहा मिनिटं बसा. चहा पण तुम्हीच करा."

व्यंकोजी आत गेला. चौथ्या मिनिटाला बाहेर आला, लुगडं बाजूला सारून. नियम मोडला म्हणून रत्नाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग मी गुंडोला म्हणालो, "आता माझा आख." दोन्ही जिने पुसले. बोळ पुसला. मधे एकच जिना, समोरासमोर दोन दारं. दोन्ही घरं पुढच्या रस्त्यापासून मागच्या कंपाउंडपर्यंत सलग झाली. प्रत्येक घरात एक खोली वाढली. पुन्हा चादरी लावल्या, खिडक्यांच्या जागा मोकळ्या सोडून. पुढून वारा शिरला, मागून बाहेर पडला आणि जाताजाता त्यानं व्यंकोजीचा नकाशा उडवला.

देवव्रत टेप घेऊन दोनदा मोजून आला. "सहा घरं बसतात, अण्णा. दोन-दोन बेडरूमची." मग जिन्याच्या जागेकडे बघत म्हणाला, "पण आग लागली तर? जिना एकच."

प्रश्न बरोबर होता. गुंडो म्हणाला, "स्वल्प, जरा बघा. तीनच मजले. कुठल्याही दारातून जिना चार पावलं. जिना सिमेंटचा, रस्त्याकडे उघडा. जिन्यात सायकल, सिलिंडर काही ठेवू द्यायचं नाही, एवढं सांभाळा. प्रत्येक घराला रस्त्याकडे खिडकी आहे, शिडी पोचते. लांब बोळात धूर झाला तर दार शोधत बसायचं."

देवव्रतनं टेप गुंडाळली. "बांधू या," म्हणाला.

व्यंकोजी खुर्ची उचलून मधल्या जिन्याच्या जागी घेऊन आला. "दाजी, इथं चहा येतो ना?"

"इथूनच जातो," मी म्हणालो.

एक गोष्ट मी गुंडोला बाजूला घेऊन सांगितली. सकवारबाई कुठलाही जिना चढताउतरताना पायऱ्या मोजायची. पहिली लाभ, दुसरी नष्ट, तिसरी लाभ. शेवटची लाभ आली पाहिजे. हॉस्पिटलचा जिना नष्टवर संपला तेव्हा मला म्हणाली होती, "मेस्त्रीला धरून आणा त्या."

"विषम ठेव," मी म्हणालो.

"दर मजल्याला सतरा ठेवतो, राव. अक्का काय म्हणतील ते मला ठाऊक नाही का?"

घर सत्त्याण्णवच्या दसऱ्याला झालं. मी तळमजल्यावर राहतो, जिन्याला लागून. समोरच्या दारात देवव्रत-हर्षिता. वरच्या चार घरांत भाडेकरू. रत्नाबाईंनी स्वतःचं घर मुलाला दिलं आणि पहिल्या मजल्यावर आल्या, कारण चादरींच्या दिवशी वारा त्यांनी स्वतः बघितला होता. गुडघे दुखतात म्हणून त्या मोठ्यानं मोजत उतरतात. मी त्यांना आमच्या घरची पद्धत शिकवली. आता वरची सगळीच तशी मोजतात, दर मजल्याला नव्यानं.

त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी लाभ, नष्ट करत खाली येतं. सतरावी पायरी माझ्या दारात. काल मी भाजी निवडत बसलो होतो. मला ती नीट येत नाही.

"नष्ट... लाभ!" रत्नाबाई खाली पोचल्या आणि थांबल्या. "जयसिंगराव, देठ ठेवताय आणि पानं टाकताय. सरका तिकडं."

मी सरकलो.