चमचाभर हिरवा

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते मित्रांनो, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. पत्रेवाल्यानं मला ठोकून ठोकून घडवलं, कानांत कडी अडकवली आणि एका रंगारणीच्या हाती दिलं. तिच्या नाकापासून कोपरापर्यंत कायम रंगाचे शिंतोडे, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणतात. माझ्यामागून प्लास्टिकच्या बादल्या आल्या, मिरवल्या, दोन उन्हाळ्यांत तडकल्या. मी आहे तिथंच आहे. किती घरांचे रंग माझ्या पोटात कालवले, पण त्या एका गुलाबीची सर कुणाला नाही.

तो ज्या घरासाठी कालवला, त्या घरातली लेक चार महिने आजारी होती. आता ताप गेला होता, दोन घास जातही होते. पण कुणीतरी पाहुणी "अगं बाई, किती वाळलीस!" म्हणून गेली, आणि तेव्हापासून मैत्रिणी आल्या की ती दार लावून घ्यायची. आईचा जीव तुटायचा. खोलीला गुलाबी रंग दिला तर पोरीच्या तोंडावर जरा तेज येईल, असं तिनं मनाशी धरलं.

ठिपकीनं पांढऱ्यात लाल कालवला. मग हिरवा चमचाभर घेतला, तोच आईनं तिचं मनगट धरलं.

"अहो, हिरवा कशाला? गुलाबी सांगितलाय मी!"

"ताई, नुसता गुलाबी अंगावर येतो. हिरव्यानं तो शांत होतो."

"म्हणजे मळका होतो! पैसे देऊन मळकी भिंत घेऊ होय?"

"बरं, एक भिंत तुमची, एक माझी. उद्या वाळल्यावर काय ते बोला."

रागावली नाही हो ती. मी असते तर कडी आपटली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं लेकीला आपल्या भिंतीपाशी खुर्चीत बसवलं. खिडकीतून ऊन आलं आणि भिंतीची भडक झाक पोरीच्या गालांवर पडली. आईनं घाबरून तिच्या कपाळाला हात लावला. "ताप आला की काय गं परत?"

ठिपकीनं खुर्ची समोरच्या, आपल्या भिंतीकडे ओढली.

काय रंग होता तो, मित्रांनो! सुकत आलेल्या गुलाबाच्या पाकळीचा. जरा धुरकट, जरा मातकट, कुणाच्या अंगावर न धावणारा. शेजारचं जुनं लाकडी कपाटसुद्धा त्याच्यापुढे खानदानी दिसायला लागलं. लेकीच्या तोंडावरची ती तांबडी झाक गेली, आणि तिचा मूळचा सावळा, नितळ रंग वर आला.

आई बघतच राहिली. "अगं... बरी दिसतेस की!"

"दिसते काय? आहेच मी बरी. तू कपाळ चाचपायचं थांबशील तर कळेल ना तुला!" लेक हसली. मग भिंतीवरून बोट फिरवत म्हणाली, "संध्याकाळी मैत्रिणींना बोलाव. इथंच बसू आम्ही."

आई ठिपकीकडे वळली. "माझ्या भिंतीलाही तुमचाच हात द्या, बाई."

मित्रांनो, कामाची वस्तू रंग ओला असतानाच धुवावी. वाळला की खरवडून अंगाची सालं निघतात, आणि मग लोक म्हणतात बादली खराब झाली. त्या दिवशी काम संपल्यावर ठिपकी मला उचलायला आली, तर मी जागेवर नव्हते. मोरीत बसून, पदर खोचून, ती आई मला घासत होती.