रुमाना सिस्टरला दिलेले दोन गुण

मी पनवेलमधल्या एका रुग्णालयाचा छापील फॉर्म बोलतोय. परिचारिकेनं वर्षभर काम कसं केलं, ते माझ्यावर लिहितात. वेळेवर येणं, गणवेश, रुग्णांच्या फाइली पूर्ण करणं, असे माझे रकाने. प्रत्येकाला पाचपैकी गुण.

मुख्य परिचारिका शशिकला मॅडम मला ऑफिसात बसूनच भरत. पाच मिनिटं पुरत. रुमाना सिस्टरला त्यांनी फाइलींचे दोन गुण दिले आणि खाली शेरा लिहिला, ‘कामात संथ.’

ती संथ का, हे मला फार उशिरा कळलं. नेरे गावचे काळूरामबाबा पायाची जखम घेऊन दाखल झाले होते. पट्टीला कुणाला हात लावू देत नसत. रुमाना रोज त्यांच्याजवळ बसायची, शेतातल्या भाताची चौकशी करायची आणि बोलता बोलता पट्टी बदलायची. बाबांचा पाय वाचला. फाइली तेवढ्या मागे राहिल्या.

रुमानानं मला वाचलं आणि सही केली. त्यानंतर ती कुणाजवळ बसेनाशी झाली. पुढच्या वर्षी फाइलींचे तिला पाच गुण मिळाले. तो नवा फॉर्म तिच्या नावाच्या फाइलीत माझ्याच शेजारी लावला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एका सकाळी काळूरामबाबा तपासणीला आले.

“सिस्टर, तुमी बसून इचारायच्या. आता नाय बसत?”

“बाबा, बसलं की फाइल राहते. मार्क जातात माझे.”

शशिकला मॅडम मागेच उभ्या होत्या. त्यांनी ऑफिसात मला बाहेर काढलं, रुमानाला बोलावलं.

“हा शेरा माझा. पण मी तुला काम करताना पाहिलंच नव्हतं गं.”

“मग आधी वॉर्डात येत जा, मॅडम. नंतर लिहा.”

आता फॉर्म वेगळा आहे. तो परिचारिकांना विचारून केलाय. मॅडम दर महिन्याला वॉर्डात थांबतात, पाहिलेलं त्याच आठवड्यात समोर बसून सांगतात, परिचारिकांचंही ऐकून घेतात. माझ्यावरचा शेरा त्यांनी स्वतः खोडला.

तरी मला फाडू नका. न बघता कुणी गुण द्यायला बसलं, तर मला त्यांच्यापुढे ठेवा. रुमाना आता पुन्हा रुग्णांजवळ बसते. पण बसण्याआधी, कुणी येतंय का म्हणून, एकदा दाराकडे बघून घेते. ती सवय तिला मी लावली.